तीन कुलुपांमागची बाटली

१

कपाटाला तीन कुलुपं होती आणि आपलं कुलूप आधी कुणी काढायचं यावरच सकाळ सरत चालली होती. मी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. मला एका जागी बसवत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे, दक्षता विभागात लागलीस म्हणून बरं, नाहीतर घरातली फरशी झिजली असती.

"अहो, कुणीतरी सुरुवात करा," मी शेवटी ओरडले. "कुलूप काढायचंय, दात नाही."

तेव्हा कुठे शेती खात्याचे अधिकारी पुढे सरकले. गोल चेहऱ्याचे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणतं. त्यांच्यामागून पर्यावरण खात्याच्या मॅडमनी किल्ली काढली. शेवटी ऊर्जा खात्याचे साहेब आले. यांना सगळे तारीखसाहेब म्हणतात, कारण या माणसाच्या तोंडात दर वाक्याला एक तारीख असते. अमुक तारखेपर्यंत इतकं मिश्रण, तमुक तारखेपर्यंत सगळ्या बसगाड्या. डाव्या हाताने किल्ली फिरवताना त्यांनी उजव्या हातातल्या घड्याळाकडेही बघून घेतलं.

प्रकरण काय होतं ते सांगते. सरकारने ठरवलं की शहरातल्या बसगाड्या बाहेरून आणलेल्या डिझेलऐवजी इथल्याच झुडपांच्या बियांपासून काढलेल्या बायोडिझेलवर चालवायच्या. मोठा समारंभ झाला, फिती कापल्या गेल्या. आणि काही दिवसांतच एका सकाळी डेपोतल्या निम्म्या गाड्या आचके देत बंद पडल्या. त्यातली एक नेमकी चढावर होती. इंजिन बंद पडलं, गाडी मागे घसरायला लागली, आणि ड्रायव्हरने ती भिंतीवर घातली म्हणून प्रवासी वाचले. त्याचा मात्र पाय गेला.

त्याच दिवशी डेपोची टाकी आणि सगळ्या गाड्या रिकाम्या करून धुऊन टाकल्या. सुरक्षेसाठी म्हणे! त्यामुळे त्या तेलाचा पुरावा म्हणून एकच गोष्ट शिल्लक होती. पहिला टँकर आला तेव्हा तिन्ही खात्यांसमोर भरून, लाखेने सील करून या कपाटात ठेवलेली बाटली.

बाटली पुढच्याच बाजूला उभी होती. बुचावर दोरा, दोऱ्यावर लाख, आणि लाखेत तीन खात्यांचे तीन शिक्के. मी ती हातात घेऊन फिरवून बघितली. लाख कुठे तडकलेली नव्हती. तिन्ही शिक्क्यांची अक्षरं जराशी एकाच बाजूला कललेली होती, एवढंच माझ्या नजरेत राहिलं.

प्रयोगशाळेच्या माणसाने सील तोडलं आणि तेल काचेच्या भांड्यात ओतलं. ते ताकासारखं गढूळ होतं. थोड्या वेळाने तळाशी पाणी साचलं, चांगलं बोटभर.

"झालं तर मग," मागून सचिव म्हणाले. "कारखान्याने पाणी घातलेलं तेल दिलं. संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. कारखाना चालवणाऱ्या त्या बाईंना आजच पोलिसांच्या ताब्यात देऊ."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. मला मात्र उगाच चुळबुळ सुटली. इतकं सरळ प्रकरण माझ्या वाट्याला आजवर कधी आलेलं नाही.

२

कारखाना शहराच्या टोकाला होता. दाराला कडीभोवती रंगच नव्हता, नुसतं उघडं लोखंड. आत पेंडीचे ढीग, नळ्या, टाक्या आणि सगळीकडे तो भाजक्या बियांचा जड वास.

तेलवाल्या बाई माझ्याच वयाच्या. रसायनशास्त्र शिकून, बाहेर नोकरी करून परत आलेल्या. मला बघून त्यांनी हात पुसले आणि हातातलं फडकं घडी घालून ठेवलं.

"न्यायला आलात?"

"विचारायला आले. तेलात पाणी कुठून आलं?"

"माझ्याकडून नाही."

"बाई, असं सगळेच म्हणतात."

"मग सगळ्यांना विचारून झालं की पुन्हा या," त्या फटकन म्हणाल्या. मला बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही.

मी पेंडीच्या ढिगाभोवती फिरत फिरत विचारत राहिले. पाणी काढायची पद्धत काय, टँकर कोण भरतं, झाकण कोण लावतं. त्यांनी सगळं न अडखळता सांगितलं. मग मी बाटलीचं विचारलं.

"मीच भरली. घाईघाईत भरली, कारण तारीखसाहेबांचा सारखा धोशा, समारंभाची वेळ टळतेय म्हणून. बाटली बाहेरून तेलाने माखली होती. मी पुसायला फडकं मागितलं तर ते म्हणाले, असू दे, बाटलीला काय लग्नाला जायचंय? तशीच ओली सील केली. मामांनी ती कपाटात अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवली, धक्का लागू नये म्हणून."

"आणि तारीखसाहेब?"

"ते दारात फोनवर. कुणाला तरी सांगत होते, होईल हो, तारखेला होईल."

दाराशी आल्यावर मी सहज म्हटलं, "दाराला रंग तरी लावायचा हो एकदा."

"दरवर्षी लावते. आमच्या हाताला तेल असतं ना. हे तेल रंग सोडवतं. जुनं चिकटलेलं काहीही सोडवतं. हात लागला तिथला रंग काही दिवसांनी पापुद्र्यासारखा निघून येतो."

मी गाडीत बसणार, तेवढ्यात त्या मागून आल्या. मघाचा ताठा गेला होता.

"एक ऐकाल? मला न्यायचं तर न्या. पण त्याआधी एकदा भावाला भेटू द्या."

"कोणता भाऊ?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं. "ती बस माझा धाकटा भाऊ चालवत होता."

३

मी गाडी थेट इस्पितळाकडे घ्यायला लावली. अहवालाला त्याची गरज नव्हती. पण डोक्यात एकदा किडा वळवळला की मला दम निघत नाही.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने पिशवी ठेवली होती, कुणी बसू नये अशा बेताने. मी कोण ते सांगितल्यावर ती सरळ मुद्द्यावर आली.

"त्या बाईला धरलंत का?"

"तुमच्या नणंदेला?"

"नणंद म्हणू नका. सख्ख्या भावाला तिने पांगळं केलं. रोज येते, खालच्या मजल्यावर जिन्यात बसते. वर येऊ देत नाही मी. अंगाला त्या तेलाचा वास येतो तिच्या. तो वास या मजल्यावर नको मला." ती जरा थांबली. "यांना मी सांगितलंय, तुमच्या ताईने तेलात पाणी घातलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडलेत. जेवत नाहीत, बोलत नाहीत. माझ्याशीसुद्धा नाही."

आत डोकावले. पाठमोरा माणूस, चादरीखाली एकीकडे सपाट.  आता याची बहीण खरंच दोषी असेल तर हे घर संपलं, आणि नसेल तरी संध्याकाळी माझ्या सहीने संपणार होतं.

तिथून डेपो. फोरमन मला बघताच हात जोडून उभा राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं लांबूनच दिसत होतं.

"टाकी इतक्या तातडीने कशाला धुतलीत?"

"वरून हुकूम आला, बाईसाहेब."

"वरून म्हणजे?"

"तारीखसाहेबांचा फोन. म्हणाले, तेल विषारी आहे, थेंब ठेवू नका."

"आणि टाकीतून निघालं काय?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. मी ठणकावून पुन्हा विचारलं, तसा तो मला वर्कशॉपच्या मागे घेऊन गेला. तिथे पिंपांची रांग होती. एकाचं झाकण उघडलं. आत काळाकुट्ट, डांबरासारखा चिखल.

"हे आणि हेच. फिल्टरमध्येही हेच अडकलं होतं."

मी बोट बुडवून बघितलं. बियांचं तेल पिवळसर असतं, हे मी कारखान्यात नुकतंच पाहिलं होतं. हा काळा गाळ त्यातला नव्हता. हा टाकीच्या तळाशी, भिंतींना वर्षानुवर्षं चिकटून बसलेला जुन्या डिझेलचा मळ होता.

"टाकी धुतली होती ना नवं तेल भरायच्या आधी?"

"साहेबांनी तसं स्टेजवरून सांगितलं," फोरमन म्हणाला. "टाकी स्वच्छ करून सज्ज आहे म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उभा. आता मी काय स्टेजवर चढून माईक हिसकावून घेऊ?"

"म्हणजे धुतली नव्हती."

"जुना थर खरवडून धुवायला आठवडाभर डेपो बंद ठेवावा लागतो; अपघातानंतर तो आपसूक सुटून आला म्हणून एका दिवसात उरकलं. बंद ठेवायला परवानगी लागते. परवानगी कुणी द्यायची तेच कुणाला ठाऊक नाही. मी तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, फोरमनने धुतली नाही. खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं."

"अरे, मग हा गाळ तरी का ठेवलास? टाकून द्यायचास."

त्याने माझ्याकडे फार केविलवाणं बघितलं. "टाकायलाही परवानगी लागते, बाईसाहेब. कोणत्या खात्याची, ते अजून ठरलेलं नाही."

मला हसूच फुटलं. पण हसता हसता थबकले. गाळाने गाड्या बंद पडल्या असतील, तर बाटलीतल्या पाण्याचं काय? ते तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

४

दुपारी तिन्ही अधिकाऱ्यांना एकेक करून भेटले. तिघांची ऑफिसं एकाच इमारतीत, एकावर एक तीन मजल्यांवर. पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर कागद जायला महिना लागतो, असं तिथला शिपाईही अभिमानाने सांगतो.

मामा खालच्या मजल्यावर. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गडद चष्मा.

"बी आमचं," मामा म्हणाले. "झुडूप लावणं, बी गोळा करणं, इथपर्यंत मी जबाबदार. एकदा का बी घाण्यात गेलं की माझा संबंध संपला."

"किल्ली कुणाला दिली होतीत?"

"छे! कपाटाची किल्ली आणि शिक्का दोन्ही माझ्या खणात. खणाला कुलूप. जन्मात कुणाला दिली नाही."

मधल्या मजल्यावर पर्यावरणाच्या मॅडम. टेबलावर परदेशातल्या परिषदेचं चकचकीत पाकीट अजून तसंच.

"धूर आमचा," त्या म्हणाल्या. "गाडीच्या नळीतून जे बाहेर पडतं ते आम्ही मोजतो. आत काय जातं ते ऊर्जा खातं बघतं."

"परिषदेत कशावर बोललात?"

त्या किंचित लाजल्या. "याच योजनेच्या यशावर. काय करू, भाषण आधीच छापून झालं होतं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी विमान होतं."

किल्लीचं विचारल्यावर त्यांनीही कानावर हात ठेवले. किल्ली, शिक्का खणात. कुणाला दिली नाही. निघताना मला बरं वाटावं म्हणून त्यांनी एक गंमत सांगितली.

"आमच्याकडे काय चालतं ऐका. मी परत आले तर टेबलावर तीन पत्रं. शेती खात्याने ऊर्जा खात्याला विचारलं, गाळ कुणी उचलायचा? ऊर्जा खात्याने ते पर्यावरणाकडे धाडलं. पर्यावरणाने कळवलं, हा विषय आमचा नाही. आणि मजा म्हणजे तिन्हींवर सही एकाच माणसाची! स्वतःच विचारलं, स्वतःच धाडलं, स्वतःच नाही म्हटलं." त्या खळखळून हसल्या. मीही हसले आणि जिना चढायला लागले.

वरच्या मजल्यावर तारीखसाहेब. भिंतीवर भलंमोठं कॅलेंडर, त्यावर लाल गोल. माझ्याशी बोलताना ते डाव्या हाताने एका तारखेवर काट मारत होते.

"तेल आमचं, मान्य. पण तेल वाईट निघालं त्याला मी काय करू? बाटली बोलते आहे. तीन कुलुपं, तीन सील. अजून काय पाहिजे?"

"टाकी कुणाची, साहेब?"

त्यांचा हात क्षणभर थांबला. "म्हणजे?"

"बी शेतीचं, तेल तुमचं, धूर पर्यावरणाचा. टाकी कुणाची?"

"धोरणात टाकीचा उल्लेख नाही," ते म्हणाले आणि पुढची तारीख काटली.

मी खाली आले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. घोडं कुठे पेंड खात होतं ते सापडत नव्हतं. गाळ खरा, पाणीही खरं. दोन्ही एकदम खरं कसं असेल? उन्हं कलायला लागली होती. सचिवांचा दोनदा फोन येऊन गेला. आणि अचानक मला कारखान्याचं दार आठवलं, कडीभोवतीचं ते उघडं लोखंड.

मी धावतच कपाटाकडे गेले. सकाळपासून ते तसंच उघडं होतं, दाराशी पहारा. बाटली जिथे उभी होती तिथे, पुढे, फळीचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. मी गुडघ्यांवर बसले, हात आत घातला आणि मागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं.

बोटाला रंगाचा एक ओला पापुद्रा चिकटून आला.

५

सचिवांसमोर सगळ्यांना बोलावलं. तेलवाल्या बाईंनाही आणवलं. त्यांच्यामागे एक महिला पोलीस उभी होती. मी कुणालाच बसू दिलं नाही. मला बसवत नाही तर इतरांनी का बसावं?

"आधी एक छोटंसं काम," मी म्हटलं. टेबलावर तीन बशा ठेवल्या, प्रत्येकीत गरम लाखेचा गोळा. "आपापला शिक्का मारा. अहवालाला नमुना जोडायचाय."

मामांनी सगळा भार टाकून शिक्का दाबला. लाख बशीभर पसरली, अक्षरं बुजून गेली. मॅडमनी नीट, सरळ, शाळेतल्या मुलीसारखा मारला. तारीखसाहेबांनी डाव्या हाताने घाईघाईत ठोकला आणि घड्याळ बघितलं. त्यांच्या शिक्क्याची अक्षरं जराशी एका बाजूला कललेली होती.

मी सकाळची तुटलेली लाख शेजारी ठेवली.

"बघा सगळ्यांनी. इथे शिक्के तीन खात्यांचे आहेत, पण तिन्ही एकसारखे कललेले. मामांचा पसरला नाही, मॅडमचा सरळ नाही. तीन खात्यांचे शिक्के एकाच हाताने मारलेत."



"दुसरी गोष्ट. ही बाटली कपाटात कुठे ठेवली होती, मामा?"

"मागच्या कोपऱ्यात. माझ्याच हाताने ठेवली."

"बाहेरून तेलाने माखलेली. आणि मागच्या कोपऱ्यात फळीवर बाटलीच्या बुडाएवढं गोल वर्तुळ आहे. तिथला रंग निघून आलाय, कारण हे तेल रंग सोडवतं. म्हणजे खरी बाटली बरेच दिवस तिथे उभी होती. आज सकाळी आपण काढलेली बाटली पुढे होती आणि तिच्याखाली रंगाला धक्काही नाही. ही ती बाटलीच नव्हे."

"पण कुलुपं तीन!" सचिव म्हणाले. "किल्ली तर कुणीच कुणाला दिली नाही."

"खोटं कुणीच बोललं नाही, साहेब. मामा, डोळ्याच्या ऑपरेशनला रजेवर गेलात तेव्हा काय दिलंत?"

"किल्ली नाही दिली हो. नुसता चार्ज दिला." मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी गडद चष्मा काढला. "खणाची किल्ली चार्जबरोबर जाते."

"मॅडम, तुम्ही परदेशी गेलात तेव्हा?"

"अतिरिक्त कार्यभार…" मॅडमचा चेहरा उतरला. "अरे देवा! त्या तीन सह्या!"

"त्याच. तुम्ही हसून सांगितलंत आणि मीही हसले. तीन खात्यांची पत्रं एकाच माणसाने एकमेकांना लिहिली, कारण त्या काळात तिन्ही खात्यांचा कारभार एकाच माणसाकडे होता. तीन खण, तीन किल्ल्या, तीन शिक्के. एकावर भरवसा नको म्हणून आपण तीन कुलुपं लावली, आणि रजा मंजूर करताना तिन्ही किल्ल्या एकालाच देऊन मोकळे झालो. कुणाला किल्ली दिल्यासारखं वाटलंच नाही. चार्ज दिला, बस्स."

सगळे तारीखसाहेबांकडे बघायला लागले. ते कॅलेंडर शोधल्यासारखे भिंतीकडे बघत होते. त्या खोलीत कॅलेंडर नव्हतं.

"पण कशासाठी?" सचिव चिडून म्हणाले. "तेल खराब निघाल्याने यांचा काय फायदा?"

"तेल चांगलं निघण्याने तोटा होता. बाटलीतलं तेल चांगलं ठरलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग गाड्या बंद कशाने पडल्या? आणि आपण डेपोच्या मागच्या पिंपांपाशी जाऊन पोचलो असतो. जुना गाळ नव्या तेलाने सुटला आणि फिल्टरमध्ये बसला. टाकी आधी धुवायला हवी होती. यांनी स्टेजवरून सांगितलं, धुतली. धुतली नव्हती." मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आणि साहेब, तुम्हीच आम्हाला साक्ष दिलीत. खरी बाटली खराब असती तर ती बदलायची कुणाला काय गरज होती? बदलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की तेल चांगलं आहे."

 मला वाटलं तारीखसाहेब ओरडतील. पण ते खुर्ची ओढून बसले, त्या खोलीत बसलेले पहिले तेच.

"मी विचारलं होतं," ते हळू म्हणाले. "टाकी धुवायची परवानगी द्या म्हणून तिन्हीकडे विचारलं. शेती म्हणे टाकी आमची नाही. पर्यावरण म्हणे धुतलेलं पाणी कुठे सोडणार ते आधी सांगा. वरून म्हणाले तारीख पुढे जाणार नाही. सगळ्यांनी हात झटकले. तारीख तेवढी माझ्या गळ्यात. मला वाटलं चालतील गाड्या. थोडे दिवस तरी चालतील."

"आणि बाटली?"

"गटारात ओतली. त्या ड्रायव्हरचं ऐकल्यावर माझी झोप उडाली हो. पण तोवर…"

"तो ड्रायव्हर माझा भाऊ आहे," तेलवाल्या बाई म्हणाल्या.  "झोप तुमची उडाली. त्याचं काय उडालं ते बघायला एकदा तरी गेलात?"

 मला तारीखसाहेबांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. सचिवांनी महिला पोलिसाला खूण केली. ती बाईंच्या मागून निघाली आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

६

निघताना सचिवांनी मला थांबवलं.

"यांना निलंबित करावं लागेल. मामांची अजून तपासणी व्हायची आहे, मॅडमचीही चौकशी होणार. तोपर्यंत तिन्ही ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे."

"साहेब!" मी किंचाळलेच. "आत्ता तासभर मी काय सांगत होते?"

"कुणीतरी धरायलाच हवा ना," ते म्हणाले, आणि तीन किल्ल्या माझ्या हातावर ठेवून निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! त्यांच्यामागे जाऊन भांडायचं मनात आलं होतं, पण दारात तेलवाल्या बाई उभ्या होत्या. भांडण उद्यावर टाकलं.

इस्पितळापर्यंत दोघी एकाच गाडीत.  खालच्या मजल्यावर आल्यावर बाई नेहमीच्या सवयीने जिन्यात बसल्या. "तुम्ही जा वर," म्हणाल्या. "मी इथेच बरी."

मी एकटी वर गेले. पर्समध्ये त्या किल्ल्या खुळखुळत होत्या. भावजय बाकावरच होती, पिशवी तशीच शेजारी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाकी, गाळ, बाटली, शिक्के.  शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तेल चांगलं होतं?"

"चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं. वर्षानुवर्षांची घाण सोडवून काढली त्याने."

"आणि मी यांना काय सांगून बसले." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं आता रडत बसेल. पण ती उठली, माझ्या अंगावरून गेली आणि जिना उतरायला लागली. मीही मागोमाग गेले.

तेलवाल्या बाई तिला बघून दचकून उभ्या राहिल्या. भिंतीला चिकटल्या.

"वन्सं, वर चला."

"नको गं. तू म्हणालीस ते खरं आहे. हातांचा वास जात नाही माझ्या. घासून घासून धुतले तरी जात नाही."

भावजयीने त्यांचा हात धरला, दोन्ही हातांनी घट्ट.

"राहू दे तो वास," ती म्हणाली. "डोळे उघडत नाहीत ते. वासावरून तरी कळेल त्यांना, कोण आलंय."